नमुन्याचे मोल

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात. थर्माकोलची धरणे आणि पुठ्ठ्याच्या पवनचक्क्या मांडल्या जातात, पाहुणे कौतुक करतात, बक्षिसे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी सारे अडगळीत जाते. मुलांच्या उत्साहाला आम्ही नावे ठेवू इच्छीत नाही. परंतु देखाव्याची प्रतिकृती आणि शोधाचा प्रायोगिक नमुना यांतील अंतर मात्र आपला समाज विसरत चालला आहे. प्रतिकृती पाहण्यासाठी असते; नमुना वापरून मोडण्यासाठी असतो. तो कोठे मोडतो, हे कळावे म्हणूनच तो घडवावयाचा असतो.

जयपूरच्या कृत्रिम पायाचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. पाश्चात्त्य बनावटीच्या पायात ताठ लाकडी दांडा असे व तो बुटात घालून वापरावयाचा असे. तो पाय बसवून मनुष्य चालू शके. पण त्याला उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी देवळात किंवा चिखलाच्या शेतात जाता येत नसे. म्हणजे पाय मिळूनही आपल्याकडील शेतकरी पांगळाच राही. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ही अडचण हाती घेतली. टायरांना नवे रबर चढविणाऱ्या कारखान्यातील विद्या त्यांच्या कामी आली. अनेक फेरफारांनंतर टाचेत व चवड्यात स्पंजासारखे हलके रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, सभोवती टायरमधील दोऱ्यांचे वेष्टन आणि वर कातडीच्या रंगाचे चिवट रबर अशी रचना ठरली. 1968 च्या सुमारास हा पाय सिद्ध झाला. 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाल्यावर तो गोरगरिबांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचला. 1981 मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मांचे नाव मात्र आजही किती जणांना ठाऊक आहे? डॉक्टरांची थोरवी यामुळे उणावत नाही. पण ज्या हातांनी साचे ओतले आणि रबर तापविले, त्या हातांची उपेक्षा करणारा समाज नवे काही घडवू शकेल काय?

दुसरे उदाहरण आपल्याच भाषेतील माणसाचे आहे. 1867 मध्ये मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतणारे यंत्र कल्पिले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा आधार लाभला, पुढे टाटांचे भांडवलही मिळाले. परंतु यंत्र बाजारात स्थिरावण्यापूर्वीच भांडवलाचा ओघ आटला. भिसे अमेरिकेस गेले व 1935 मध्ये तेथेच निवर्तले. ज्या गोव्याच्या भूमीवर 1556 मध्ये हिंदुस्थानातील पहिला छापखाना आला, तेथील वाचकांना तरी ही कथा परकी वाटू नये. बुद्धी होती, चिकाटी होती. पहिल्या यंत्रापासून बाजारापर्यंतची मजल गाठावयास लागणारा धीर भांडवलापाशी नव्हता.

आज परिस्थिती पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. केंद्राच्या ‘निधि-प्रयास’ योजनेतून प्रायोगिक नमुन्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. परंतु ही वाट जाते ती संस्थांच्या दारातून, अर्ज व सादरीकरणे यांच्या जंजाळातून. आपल्याकडे माडावर चढणारे पाडेली दुर्मीळ होत चालले आहेत. माडावर चढणारे यंत्र एखाद्या गावच्या लोहाराला सुचले, तर त्याने कोठे जावे? शिवाय ते यंत्र वातानुकूलित दालनात नव्हे, तर आषाढातल्या पावसात, वाकलेल्या व शेवाळलेल्या माडावर पारखावयास हवे. तेथे ते दहादा घसरेल. त्या दहा घसरणींचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, या प्रश्नाशीच सरकारी लेखनी अडते.

आमची सूचना साधी आहे. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तालुक्यातालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कर्मशाळा आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या कारागिरांना खुल्या कराव्यात. लेथ, वेल्डिंगची साधने आणि सल्ला देणारा एक शिक्षक एवढे पुरे. लहानसा निधी राखून ठेवावा आणि फसलेल्या नमुन्याची नोंद वाया गेलेला पैसा म्हणून न करता मिळालेले ज्ञान म्हणून करावी. यशस्वी नमुन्यावर विद्यार्थ्याबरोबर कारागिराचेही नाव घालावे.

टाकीचे घाव सोसल्याविना देवपण येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ते घाव घालावयास टाकी लागते, हातोडा लागतो आणि बिघडलेला पहिला दगड बाजूला सारून दुसरा आणून देणारा कोणी तरी लागतो. हे काम सरकारने आणि समाजातील सधनांनी पत्करावे. कारागीर आपल्याकडे आहेतच.