फिट्टंफाट नको



जुलैअखेरीस शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागेल आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षीचे प्रश्न सुरू होतील. युंगफ्राउयोखला जाऊन-येऊन किती तास, व्हेनिसमध्ये शाकाहारी कुठे मिळतं, आईबाबांना नॉयश्वानस्टाइनची चढण झेपेल का. उत्तरंही पटापट येतील. पण 'तिकडे तुमच्या ओळखीचं कोण आहे?' असा प्रश्न मी या गटावर अजून वाचलेला नाही. पंधरा-पंधरा देश हिंडलेली मंडळी आपण, आणि फोनमध्ये नावं कशी, तर 'प्राग गाइड', 'क्रोएशिया फ्लॅटवाला', 'साल्झबुर्ग टॅक्सी'.

माझ्या फोनमध्येही अशीच होती. अकरा वर्षांपूर्वी आम्ही व्हेनिसला निघालो होतो. वाटेत दोन रात्री दक्षिण तिरोलमध्ये ब्रिक्सेनच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली. ब्रेनर घाट उतरला की इटली लागते खरी, पण तिथे घराघरांत जर्मनच बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या तहाने, हा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. माणसं होती तिथेच राहिली.

निघायच्या सकाळी गाडी सुरू होईना. डिकी नीट लावली नव्हती, आतला दिवा रात्रभर जळला, बॅटरी झोपली. चूक सर्वस्वी माझी. सत्तरीचे घरमालक ट्रॅक्टर घेऊन आले, केबल जोडल्या, दहा मिनिटांत गाडी चालू. मी पाकिटाला हात घातला. त्यांनी मान हलवली. मग आपल्या सवयीप्रमाणे मी डिकीतून भाकरवडीचा पुडा काढला. तो त्यांनी घेतला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळी पाऊस येणार. गवत पडलंय वर. तुमचे चार हात आहेत ना?"

व्हेनिसचं बुकिंग बुडालं ते असं.

त्या उतारावर यंत्र जात नाही. लाकडी दाताळ्यांनी गवत उलटायचं, वाळवायचं, ओळीने खाली ओढायचं. अर्ध्या तासात माझ्या हातांना फोड आले. बायको कोरेगावकडची, तिला दाताळं धरता येत होतं. म्हातारबांनी तिच्याकडे बोट दाखवून मला जे काही सुनावलं ते सुदैवाने तिरोली बोलीत होतं. शेवटचा भारा आत गेला आणि सरी कोसळल्या.

मग लाकडी फळीवर चीज, लोणी आणि राईची कडक, चपटी भाकरी आली. तिला तिकडे श्युटेलब्रोट म्हणतात. बायकोने तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि ओरडली, "अहो, ह्यात मेथी आहे!" खरंच होतं ते. त्या भाकरीत जो वाळवलेला पाला घालतात तो मेथीच्याच कुळातला, निळ्या फुलांचा. मालकीणबाईंनी बरणी आणून उघडली. पुढचा तासभर त्या दोघी त्या पाल्यावर बोलत होत्या. बायकोचं जर्मन तेव्हा 'एक किलो बटाटे द्या' याच्या पुढे गेलेलं नव्हतं. कसं बोलल्या असतील ते त्यांनाच ठाऊक.

उठताना म्हातारबांनी हात पुढे करून स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. 'झी' संपलं, 'डू' सुरू झालं. आपल्याकडे 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळतही नाही. इथे मोठ्या माणसाने ते रीतसर द्यावं लागतं, आणि दिलेलं सहसा परत घेत नाहीत.

पुष्कळदा मनात येतं, त्यांनी त्या सकाळी वीस युरो घेतले असते तर? आम्ही दुपारी व्हेनिसला पोचलो असतो आणि ते फोनमध्ये 'ब्रिक्सेन होमस्टे' म्हणून राहिले असते. कुणाचे उपकार नकोत, हे मध्यमवर्गीय मराठी घरातलं बाळकडू आहे. कुणी काही केलं की आपला जीव कासावीस होतो. पैसे देऊन, चकलीचा डबा देऊन, रेटिंगचे पाच तारे देऊन आपण फिट्टंफाट करतो आणि सुटतो. त्याच घरात शेजारणीची वाटी मात्र कधी रिकामी परत जात नाही. साखर आली तर वाटीतून चार करंज्या जातात, करंज्यांवर पुन्हा काही येतं, आणि हिशेब जन्मभर मिटत नाही. मिटू नये यासाठीच तर ती रीत आहे. परदेशात आलो आणि वाटी मागे ठेवून फक्त बाळकडू बरोबर आणलं, असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही कसुरी मेथी घेऊन गेलो. परतताना जर्दाळूच्या जॅमच्या बरण्या आल्या. ऑक्टोबरात नवी वाइन प्यायची आणि भाजलेले चेस्टनट खायची तिकडे पद्धत आहे, तिचं आमंत्रण आलं. आमच्या मुलांनी म्हातारबांचं नाव 'ट्रॅक्टरआजोबा' ठेवलं. २०२०च्या वसंतात सीमेवर तपासणी बसली, त्या वर्षी जाणं झालं नाही, पत्रं झाली. तीन वर्षांपूर्वी एक पाकीट आलं. आत त्यांचा फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली प्रार्थना, असं छोटं कार्ड. अंत्यविधीला आलेल्यांना तिकडे हे कार्ड देतात. आम्हाला पोचता आलं नव्हतं, म्हणून मालकीणबाईंनी आमच्या वाटणीचं बाजूला ठेवलं होतं. ते आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

उलट्या दिशेचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. गुंथर सोंथायमर, १९३४ साली उल्मला जन्मलेले, मूळचे कायद्याचे अभ्यासक, हायडेलबर्गला शिकवणारे. मराठी शिकले, पुण्याला पुन्हा पुन्हा गेले, धनगरांच्या वाड्यांवर बसून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालचा. १९९२मध्ये ते गेले, पण जेजुरी-खंडोबाचा विषय निघाला की महाराष्ट्रात त्यांचं नाव अजून घरच्यासारखं घेतात. आठ दिवसांत सात शहरं करून हे झालं नसतं.

सगळ्यांच्या गाड्या बंद पडाव्यात अशी माझी इच्छा नाही. पण या सुट्टीत एक गाव कमी करा. जिथे गेल्या वर्षी बरं वाटलं तिथेच पुन्हा जा. आल्प्समधल्या डोंगरी झोपड्यांत मुक्काम करा. तिथे लांब बाकांवर अनोळखी माणसांबरोबरच जेवावं लागतं, आणि हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना 'डू' म्हणतात असा संकेत आहे. बव्हेरियातल्या बिअरगार्टनमध्ये तर आपला डबा नेता येतो. १८१२ साली राजाने ब्रुअरींना बिअर विकू दिली, जेवण नाही, तेव्हापासूनची ही सोय. थालीपीठ न्या, बिअर नको तर लिंबूपाणी घ्या, शेजारी जागा आहे का विचारा. आणि कुणी मदत देऊ केली तर लगेच पाकीट काढू नका.

कुणी मित्र होतीलच असं नाही. माझ्याही फोनमध्ये 'साल्झबुर्ग टॅक्सी' अजून आहेच.

गणेशोत्सव अंकाचा मजकूर २५ जुलैपर्यंत पाठवावा, ही विनंती. १ ते १५ ऑगस्ट संपादक फोनवर मिळणार नाहीत. तिकडे गवताची दुसरी कापणी असते, आणि म्हातारबांच्या मुलाला यंदा माणसं कमी पडताहेत.

— संपादक