वाढदिवसाला घड्याळ कशाला?

मंडळी, माझं एक ठाम मत आहे: जन्मतारखेला वेळ चिकटवू नये! बरेच प्रोग्रॅमर नुसती तारीख मागतात आणि गुपचूप तिला रात्री बाराची वेळ जोडून यूटीसीत साठवतात. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपली १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ तारखेची संध्याकाळ, साडेसहा. मग न्यू जर्सीतल्या भाचीच्या स्क्रीनवर आजीचा वाढदिवस एक दिवस आधीच उजाडतो. 'सगळं यूटीसीत ठेवा' हा मंत्र सर्व्हरच्या नोंदींसाठी उत्तम. पण वाढदिवस हा क्षण नव्हे, कॅलेंडरवरचा चौकोन आहे. वर्ष, महिना, दिवस एवढंच ठेवा की!

जन्मवेळ हवीच असेल (पत्रिकावाले काका, ऐकताय ना?) तर गाव कुठलं आणि घड्याळ कुठलं, तेही लिहा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ महायुद्धामुळे भारतातली घड्याळं तासभर पुढे होती. मुंबईत तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम'ही चालायचा. संगणकांच्या टाइमझोन यादीत भारताचा एकच विभाग आहे, एशिया/कोलकाता. त्यात युद्धाचा तो तास आहे. आमची ३९ मिनिटं मात्र नाहीत...