मॉडिफाय करण्याआधी

मराठी विभागासाठी लेख हवेत म्हणून संपादक मंडळी आमच्या विंगमध्ये फिरत होती, तेव्हा रूम पार्टनरने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा गाडीवर लिहील, दुसरं काही त्याला येत नाही." मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो. वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्यामुळे मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात. पण हा लेख मराठीतच लिहायला हवा होता. का, ते पुढे येईल.

विषय असा की गेले वर्षभर सुट्टीत आणि शनिवार-रविवारी मी पेणला घरी एक राजदूत ३५० उघडून परत जोडली. आमचं गॅरेज म्हणजे पत्रे मारून बंद केलेली मागची पडवी. एक बल्ब, एक टेबलफॅन आणि आईच्या जुन्या साड्यांची फडकी.

आपल्याकडे आरएक्स १०० सगळ्यांना माहीत आहे, आरडी मात्र बहुतेकांनी व्हिडिओतच पाहिली असेल. यामाहाच्या आरडी ३५०बी वरून एस्कॉर्ट्सने १९८३ साली ही गाडी भारतात काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. रस्त्यावर बुलेट, येझदी आणि स्कूटरी होत्या तेव्हाची ही गोष्ट. पहिली 'हाय टॉर्क' गाडी सुमारे ३० बीएचपीची. ती पेट्रोल फार पिते म्हणून मग 'लो टॉर्क' आली, ती सुमारे २७ ची. आजची ३५० ची बुलेट सुमारे २० बीएचपी देते, यावरून अंदाज करा. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला पेटतं, फोर-स्ट्रोक एक सोडून एक फेरीला, हे आपण पेपरात दोन मार्कांसाठी लिहितो. आरडीची किक मारली की ते दोन मार्क कळतात. पण गाडी महाग होती, ॲव्हरेज नव्हतं, आणि नव्वद साल उजाडेपर्यंत तिचा खेळ आटोपला. आज चांगली आरडी लाखांत विकली जाते, हा वेगळा विनोद.

आमची गाडी काकांची. काका रोह्याला राहतात, धाटाव एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होते, आता रिटायर झाले. शिफ्ट सुटली की नागोठण्यापर्यंत उगाच एक चक्कर मारून यायचे असं आजी सांगते. १९९४ च्या जुलैमध्ये ते नागोठण्याहून परत येत होते. भिसे खिंडीच्या उतारावर पुढे एक ट्रक अचानक थांबला आणि काकांची गाडी थांबली नाही. उजवा गुडघा गेला. तीन महिने अंथरुणात होते. अजूनही जिना चढताना ते आधी डावा पाय टाकतात. गाडी तेव्हापासून घरामागे ताडपत्रीखाली उभी. तीस पावसाळे. आमच्या घरात त्या अपघातावर एकच वाक्य बोललं जायचं, "त्या गाडीला ब्रेकच नव्हता." काकू म्हणायची, बाबा म्हणायचे, गाडी न बघितलेले पाहुणेसुद्धा म्हणायचे. काका काहीच म्हणायचे नाहीत.

आम्हीही तेच धरून चाललो. त्याला आधारही होता. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि आपल्याकडच्या गाडीला कंपनीने ड्रम दिला. एवढी पळणारी गाडी आणि ड्रम! काकांचा मुलगा, आमचा दादा, पुण्याला नोकरीला आहे. पैसे त्याचे आणि हात माझे असं ठरलं. त्याचा प्लॅन तयार होता: हँडल खाली, सीट कापून एकट्याची, मडगार्ड फेकून द्यायचे, एक्स्पान्शन चेंबर, आणि पुढे एका नव्या बाइकचा फोर्क डिस्कसकट. हॉस्टेलवरच्या सल्लागारांनी यात आणखी भर घातली. मीसुद्धा वहीत स्केच काढलं होतं, मस्त दिसत होतं. सेमिस्टरभर इतकं मन लावून मी दुसरं काही काढलं नाही, मशीन ड्रॉइंगच्या सरांनी क्षमा करावी.

गाडी छोट्या टेम्पोतून पेणला आली. इंजिन जाम होतं. दोन्ही प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि वाट बघितली. अकराव्या दिवशी क्रँक केसभर हलला. मी एकटाच पडवीत ओरडलो. पुढचे चार महिने मात्र ओरडण्यासारखं काही नव्हतं. क्रँकचे ऑइल सील लाकडासारखे कडक झालेले. टू-स्ट्रोकमध्ये हे सील गेले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो. म्हणजे सील काही रुपयांचे आणि नुकसान काही हजारांचं. एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून आणलेले ओव्हरसाइज पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, तर दोघांत सरळ फरक निघाला. परत घेतले नाहीत. ऑइल पंप तर कोणा मेकॅनिकने पूर्वीच काढून टाकला होता. पेट्रोलमध्ये अंदाजाने ऑइल ओतलं की काम भागतं, असा त्याचा हिशोब असावा. दादाचे निम्मे पैसे इंजिनातच संपले, म्हणून डिस्कचा फोर्क घेणं पुढे ढकललं आणि तोपर्यंत आहे तो ड्रम साफ करून ठेवू म्हणून मी पुढचं चाक उघडलं. पैसे असते तर मी तो ब्रेक न बघताच भंगारात दिला असता.

(जाता जाता: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.)

आत दोन शू होते. एकाचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला. दुसऱ्याचा जवळजवळ नवा, वरचा खरखरीतपणाही तसाच. मी बराच वेळ दोन्ही हातांत घेऊन बसलो. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, एकाच ड्रममध्ये, आणि एकाने कधी ड्रमला स्पर्शच केला नव्हता.

हा ब्रेक 'ट्विन लीडिंग शू' प्रकारचा आहे. साध्या ड्रममध्ये एकच कॅम दोन शूंना फाकवतो. चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला तोंड असलेला शू ड्रमबरोबर आपोआप ओढला जाऊन घट्ट बसतो, तर दुसरा ड्रमपासून दूर ढकलला जातो आणि त्याचं काम कमीच होतं. ट्विन लीडिंगमध्ये दोन कॅम असतात, म्हणून दोन्ही शू ओढले जाणारे. ब्रेक जबरदस्त लागतो. (फक्त गाडी चढावर मागे घसरायला लागली तर तोच ब्रेक दुबळा पडतो.) पण या सगळ्याला एक अट आहे. बाहेर दोन लिव्हर एका छोट्या रॉडने जोडलेले असतात. त्या रॉडची लांबी अशी हवी की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. आमच्या गाडीचा रॉड चुकीच्या लांबीवर गंजून बसला होता. एक शू टेकला की लिव्हर तिथेच अडणार. दुसरा हवेत.

पुढच्या शनिवारी दोन्ही शू पिशवीत घालून मी दिवा-रोहा गाडी पकडली. ड्रम टर्निंग करायचा होताच. स्पोकसकट चाक फिरेल एवढं मोठं लेथ रोह्यातल्या एका मेस्त्रींकडे होतं. चाक त्यांच्याकडे टाकलं आणि काकांकडे गेलो. चहा झाल्यावर शू टेबलावर ठेवले. काकांना समजावून सांगावं लागलं नाही, आयुष्य पंपांच्या सीलमध्ये गेलेला माणूस. त्यांनी दोन्हीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दुसरा लागतच नव्हता?"

"नाही काका. तो रॉड सेट करायला लागतो. मॅन्युअलमध्ये आहे."

"मी दर महिन्याला केबल ताणायचो," ते म्हणाले. "ब्रेक कमी लागतोय वाटलं की ताणायचो. रॉडला कधी हातच लावला नाही." मग उठून आत गेले आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं गाडीचं मॅन्युअल घेऊन आले. एक पान दुमडलेलं नव्हतं. "इंग्लिशमध्ये होतं रे. म्हटलं, गाडी चालवायला वाचायला कशाला पाहिजे."

काकू स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती काही बोलली नाही आणि मीही काही बोललो नाही. ज्या भाषेसाठी मला पाच रुपये दंड होत नव्हता, त्या भाषेत ते अर्धं पान होतं.

म्हणून आता ते मराठीत. चाक अधांतरी ठेवा. जोडरॉडचा चेक नट सैल करा आणि रॉड फिरवून दुसरा लिव्हर पूर्ण मोकळा होऊ द्या. चाक हाताने फिरवत ब्रेक हळूहळू दाबा. पहिला शू घासल्याचा आवाज आला की हात तिथेच धरून ठेवा, किंवा मित्राला धरायला सांगा. मग दुसरा शू टेकेपर्यंत रॉड फिरवा. चेक नट आवळा. ब्रेक सोडून पुन्हा दाबून बघा, दोन्ही एकदम टेकले पाहिजेत. केबल ताणायची ती यानंतर. १० मिनिटांचं काम आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी मुळात कशी चालायला बनवली होती हे एकदा तरी बघितल्याशिवाय तिच्यात बदल करू नये. आपण ज्याला गाडीचा दोष म्हणतो त्यातला बराचसा आपला किंवा आधीच्या मेकॅनिकचा असतो. मी डिस्क बसवला असता तर ब्रेक सुधारला असता, नाही असं नाही. पण "त्या गाडीला ब्रेकच नव्हता" हे वाक्य आमच्या घरात आणखी तीस वर्षं चाललं असतं, आणि वर मी इंजिनिअर म्हणून त्यावर सही केली असती. डिस्क वाईट असतो असंही मी म्हणत नाही. नवीन लायनर, टर्निंग केलेला ड्रम आणि सेट केलेला रॉड यांनंतर पुरेसं वाटलं नसतं, तर डिस्कची मागणी मोजमापाने करता आली असती. आता तशी गरज दिसत नाही.

सायलेन्सरबद्दलही बोलायला हवं, कारण पार्किंगमधल्या काही मित्रांना हा लेख त्यासाठीच आवडणार नाही. एक्स्पान्शन चेंबर ही आवाज करायची नळी नाही. बाहेर पडणाऱ्या गॅसची लाट पुढच्या कोनावर आपटून परत येते आणि निसटणारा ताजा चार्ज पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट नेमक्या वेळी परत यायला हवी, म्हणजे लांबी, कोन आणि पोर्टचं टायमिंग यांचा हिशोब आला. पत्रा वाकवून नजरेने वेल्डिंग केलेल्या चेंबरमध्ये तो हिशोब कुठे असतो? मग खालचा पिकअप जातो आणि वर आवाज उरतो. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दीड वाजता हॉस्टेलखाली तो आवाज ऐकवणाऱ्याला काय म्हणावं, हे मराठीत येतं मला, पण छापता येणार नाही.

कायदाही इथे स्पष्ट आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. दादाने हे वाचलं तेव्हा तो म्हणाला, "मग फक्त सीट." सीटवर आमचं अजून भांडण चालू आहे.

एक बदल मी केला, तो लपवत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पॉइंट कसे सेट करायचे ते शिकलो, दोन महिने तसेच ठेवले, आणि मग ठरवून काढले. जुने डब्यात आहेत.

धुराचा प्रश्न कोणी विचारण्याआधी मीच सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट पोर्ट काही काळ एकदम उघडे असतात आणि न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर जातं. १९९६, २००० आणि २००५ मध्ये नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक बाइक संपल्या, ते योग्यच झालं. नीट चालणारा ऑइल पंप धूर कमी करतो, शून्य नाही. ही गाडी रोज कॉलेजला आणायची नाही, हे माझं मी ठरवलं आहे. यावर माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आणि स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर एक विनंती. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आम्ही फायलिंगचा एक चौकोनी तुकडा करतो, खरं तर सीनियरचा घासून स्वतःचा म्हणून दाखवतो. त्याऐवजी एक भंगारातली गाडी उभी करा. प्रत्येक बॅचने एकच भाग उघडायचा, कुठे किती झिजलाय ते मोजायचं आणि का झिजला ते जर्नलमध्ये लिहायचं. ते सीनियरचं उतरवता येणार नाही, कारण झीज प्रत्येक भागाची वेगळी असते.

रंगाचं काम मात्र माझं नाही. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कोणाच्या शेजारी नसतो? गणेशोत्सव झाल्यावर थोडी उसंत असते, तेव्हा तिथल्या काकांनी कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन दिली. पॉलिश पेपर मारून मी टाकी तयार म्हणून नेली, तर त्यांनी डोळे मिटून हात फिरवला आणि मला न दिसलेले तीन पोचे दाखवले. रंग काळाच ठेवला, आरसी बुकात आहे तो. बाजूच्या पट्ट्यांसाठी मी टेप लावायला घेतली तर म्हणाले, "राहू दे." गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात त्याच ब्रशने त्यांनी दोन्ही बाजूंच्या रेषा मारल्या. हात एकदाही थांबला नाही.

गाडीचं रजिस्ट्रेशन कधीच संपलेलं. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ते वाढवावं लागतं. आरटीओ पेणलाच आहे, कागद दिलेत, तपासणी व्हायची आहे. तोवर गाडी अंगणाबाहेर गेलेली नाही.

मागच्या रविवारी काका पेणला आले होते. गाडी मेन स्टँडवर होती, पुढचं चाक विटांवर जॅक लावून उचललेलं. मी म्हटलं, "बसून बघा ना." ते बसले नाहीत. डाव्या हाताने चाक जोरात फिरवलं आणि उजव्या हाताने ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी परत फिरवलं, परत दाबलं. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा काकूने आतून जेवायला हाक मारली.