चित्रकर्ती: या अंकाविषयी

सिल्लोडहून अजिंठा हाकेच्या अंतरावर. तिथली चित्रे पाहायला जग येते; पण १९०९ ते १९११ या काळात त्या चित्रांच्या नकला उतरवणाऱ्या चमूची प्रमुख ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही स्त्री होती, हे आपल्याच तालुक्यात फारसे बोलले जात नाही. म्हणून हा अंक चित्रकर्तींचा.

अंकाच्या केंद्रस्थानी आहेत अंबिका धुरंधर (१९१२–२००९). वडील महादेव धुरंधर म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले मातब्बर नाव. अंबिकाबाईंनी १९३१ साली तिथूनच पदविका मिळवली. तोवर पदविका घेतलेल्या मुली मोजक्याच होत्या. तरीही त्यांची ओळख आजही वडिलांपासून सुरू होते, आणि आम्हांला हा अन्याय वाटतो. त्यांचे ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन मुळातून वाचावे.

घरातूनच कुंचला हाती येणे ही जुनी वाट आहे. फ्रँकफर्टला १६४७ साली जन्मलेली मारिया सिबिला मेरियन सावत्र वडिलांकडून फुले रंगवायला शिकली. १६९९मध्ये धाकट्या मुलीला घेऊन ती थेट सुरिनामला गेली, आणि तिथले कीटक व वनस्पती तिने १७०५च्या ग्रंथात चितारले. वडिलांच्या घरापलीकडे या स्त्रियांनी काय उभे केले, हे आम्ही या अंकात पाहिले आहे.

आज आपल्या शाळांतून मुली चित्रकलेच्या परीक्षा देतात. पुढे त्यांच्या चित्रांचे काय होते? तुमच्या घरात, गावात चित्रे काढणारी कुणी असेल, तर तिच्याविषयी आम्हांला जरूर लिहा.