पहिल्या उड्डाणानंतरची परीक्षा

धाराशिवची धावपट्टी नियमित प्रवासी विमानसेवेची वाट अनेक वर्षे पाहत आली आहे. 2009 साली शासनाने लातूर, नांदेड, बारामती व यवतमाळ येथील विमानतळांबरोबर तीही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीच्या हवाली केली. त्याने जिल्ह्याची प्रतीक्षा काही संपली नाही. अशा धावपट्टीचा दुसरा काही उपयोग संभवतो काय, हा विचार मनात येतो तो कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानामुळे.

यादव यांनी मुंबईत चारकोप येथे घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते कौतुकाने पाहिले. नोंदणी व्हावयास 2017 चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये धुळ्याला त्याची चाचणी झाली. हा सारा विलंब लाल फितीचाच, असे म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. कागद फिरण्यास लागणारा काळ निराळा आणि विमान पारखण्यास लागणारा काळ निराळा. पहिला अवश्य कमी व्हावा. दुसऱ्यास कोणी हात लावू नये.

विमानाने जमीन सोडली म्हणजे ते सिद्ध झाले, असे नव्हे. दांडा ओढला असता नाक किती वर येते, हात सैल सोडला असता विमान पूर्वस्थितीस येते की भरकटते, वेग घटून पंखांची उचल ढळू लागली की वैमानिकास आगाऊ इशारा मिळतो की एक पंख एकाएकी खाली जातो, हे सारे पायरीपायरीने पाहावे लागते. विमान हाताळताना वैमानिकास किती कष्ट पडले, यावरून 1 ते 10 अंक देण्याची कूपर-हार्पर श्रेणी 1969 पासून प्रचलित आहे. तीत 1 हा अंक उत्तम. 10 म्हणजे विमान हाताबाहेर गेले. (गुणांचा हा उलटा न्याय आमच्या शाळकरी वाचकांस आवडेल!)

हिंदुस्थान एरोनॉटिक्ससारख्या मातब्बर संस्थेचीही यातून सुटका नाही. तिचे 'सितारा' 2003 मध्ये उडाले. परंतु स्टॉल व गिरकीच्या चाचण्यांत अडले, आणि रचनेत फेरफार होऊन 2019 मध्ये पुन्हा आकाशात गेले. 'सारस'ची कहाणी याहून कडू. 6 मार्च 2009 रोजी बंगळूरजवळ बिडदी येथे, बंद केलेले इंजिन हवेतच पुन्हा चालू करण्याच्या चाचणीत ते कोसळले व हवाई दलाचे तीन अधिकारी प्राणास मुकले.

महाराष्ट्रास विमाने घडविण्याची उमेद असेल, तर त्यांच्या परीक्षेची जागाही असावयास हवी. धाराशिवचा त्यासाठी विचार व्हावा. मात्र मोकळे रान म्हणजे निर्जन रान नव्हे. खाली सोयाबीन-ज्वारीची शेते आहेत, वाड्यावस्त्या आहेत. अग्निशामक बंब, रुग्णवाहिका, नोंदी टिपणारी यंत्रे आणि वस्तीपासून दूर आखलेला उड्डाणमार्ग, एवढे आधी, विमान नंतर. शासनाने धावपट्टीची तज्ज्ञांकडून तपासणी करवावी, आणि त्यांचा अहवाल भोवतालच्या ग्रामसभांपुढेही मांडावा.