खात्यात पैसा आहे, नाला कुठे आहे?



कन्नौदच्या वार्तापत्रात कोळशाच्या खाणींवर लेख कशाला, असे काही जण विचारतील. आपल्या तहसिलीत ना खाण, ना कोळसा! पण नेमावरच्या घाटावर आपण ज्या नर्मदामैयात स्नान करतो, तिला वर बांद्राभानला तवा येऊन मिळते आणि तवेच्या खोऱ्यात पाथाखेड्याच्या खाणी आहेत. त्याच बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला उगम पावलेली वर्धा पुढे वणी-चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातून वाहते. आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी त्या मुलुखात आहेत. तेव्हा हे दुखणे परक्याचे नाही.

आम्ही खाणींच्या विरोधात नाही. आपल्या घरातला दिवा त्याच कोळशावर जळतो, आपली मुले तिथे नोकरीला आहेत. आमचा सवाल एवढाच आहे की, कोळसा काढून झाल्यावर जमीन आणि पाणी परत कोण करणार, आणि कसे?

उघड्या खाणीत कोळशावरची माती, मुरूम, खडक फोडून बाजूला टाकतात. ज्याने विहीर खणली आहे त्याला ठाऊक आहे, की खड्ड्यातून निघालेली माती परत त्याच खड्ड्यात मावत नाही. फोडलेला खडक जास्त जागा घेतो. म्हणून डोंगराएवढे ढिगारे उभे राहतात. वाटेत नाला असेल तर तो वळवतात किंवा बुजवतात. भूमिगत खाणीतही वरची जमीन खचली की पाण्याच्या वाटा बदलतात.

चंद्रपूरकडे पाहा. इरई नदीच्या काठावरील ढिगाऱ्यांनी पात्र अरुंद केले, ही तिथल्या नागरिकांची जुनी तक्रार आहे. २००६, २०१३ आणि २०२२ साली चंद्रपूर परिसराने मोठे पूर सोसले. पाऊस आभाळातून पडला हे आम्हाला मान्य आहे, त्याला कोणी जबाबदार नाही. पण पाण्याची वाट अडवणारा ढिगारा काही आभाळातून पडला नाही!

नियम नाहीत असेही नाही. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून जास्त नसावा, भोवती चर असावा, पायथ्याला भिंत असावी, गढूळ पाणी निवळायला तळे असावे, अशा अटी खाणींच्या मंजुरीत असतात. पण चर म्हणजे नाला नव्हे. खाण चालू आहे तोवर चराचा गाळ काढायला माणसे असतात. खाण बंद झाली, माणसे गेली, की दोन-चार पावसाळ्यांत चर भरतो आणि पाणी ढिगारा फोडून खालच्या शेतात उतरते. म्हणून कोणी राखले नाही तरी टिकेल असाच नाला बांधावा लागतो. त्याला वळणे हवीत, पूर पसरायला सखल काठ हवेत, तळाला चिकणमाती हवी (नाहीतर भरावात पाणी जिरून जाईल), उताराला दगड हवेत, काठाला गवत हवे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील ला प्लाटा खाणीवर निसर्गातल्या ओढ्यांची मापे घेऊन असे उतार आणि ओढे घडवले गेले आहेत.

आणि पैसा? इथे आम्हा बँकवाल्यांनी बोललेच पाहिजे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांनुसार खाण बंद करण्याच्या खर्चासाठी प्रत्येक खाणीचे एस्क्रो खाते उघडायचे असते. तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये. १०० हेक्टरची खाण धरली तर ६ कोटी. आयुष्य २० वर्षांचे असेल तर पहिल्या वर्षी ३० लाख, पुढे दरवर्षी ५ टक्के वाढ. खाते बँकेत, लाभधारक कोळसा नियंत्रक. २०१३ च्या सुधारित सूचनांप्रमाणे झालेल्या कामाच्या खर्चापोटी दर पाच वर्षांनी जमा रकमेतून ८० टक्क्यांपर्यंत पैसे काढता येत असत.

आता अमेरिकेचा १९७७ चा कायदा पाहा. तिथेही हमीची रक्कम ठेवावी लागते. पण तिचा ६० टक्क्यांपर्यंतचा पहिला हप्ता सुटतो तो भराव, उतार आणि पाण्याचा निचरा ही तिन्ही कामे पुरी झाल्यावर. बाकी रक्कम हिरवळ टिकल्यावर. पावसाळी भागात निदान ५ वर्षे, कोरड्या भागात १० वर्षे जबाबदारी सुटत नाही. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे, दिवाळखोर कंपन्यांनी तिथेही खड्डे मागे ठेवले आहेत. पण क्रम बरोबर आहे. आधी पाणी, मग झाड.

आपल्याकडे लावलेल्या झाडांचे आकडे ठळक टायपात छापतात. परत बांधलेल्या नाल्याचे मीटर त्याच टायपात छापलेले आम्ही कधी पाहिले नाहीत. निचऱ्याआधी वृक्षारोपण म्हणजे आधी कळस मग पाया! पहिल्या मोठ्या पावसात झाडासकट माती वाहून जाणार.

घरकर्जाचा हप्ता सोडताना बँक जोते पाहते, स्लॅब पाहते, नुसत्या फोटोवर पैसे देत नाही. कोट्यवधींच्या खात्याला हा नियम का नको?

म्हणून आमची सूचना आहे की, मंडळाच्या येत्या सभेत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. एक, एस्क्रोचा पैसा सोडताना निचरा आणि नाला यांची पाहणी पहिली अट असावी. दोन, ही पाहणी पावसाळ्यात, खालच्या गावच्या शेतकऱ्यांसमोर व्हावी. तीन, प्रत्येक खाणीच्या खात्यातली जमा, उचल आणि झालेले काम ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

आपला खातेगाव मतदारसंघ विदिशा लोकसभेत मोडतो. ठराव आपल्या खासदारांच्या हातात द्यावा, आणि पुढल्या वेळी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपण हाच प्रश्न विचारावा. हारतुरे आणि फोटो पुष्कळ झाले. ठेव जनतेच्या नावाची आहे, तिचा हिशेब मागायला लाजायचे कशाला?