टपरीवाल्याचं नाव काय होतं?

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही गोंदियाहून रायपूरला निघालो होतो. आमगाव मागे पडलं आणि देवरीच्या अलीकडे एका टपरीवर चहासाठी थांबलो. आमच्या आधी एक गाडी येऊन उभी होती. चौघे जण उतरले, चार चहा सांगितले. दुकानदाराने पातेलं चढवलं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने बरणीला चिकटवलेल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला, पडद्यावर आलेलं नाव वाचलं आणि सोबत्यांना हळूच म्हणाला, "नको, पुढं पाहू." चौघे गाडीत बसून निघून गेले. पैसे द्यायची वेळ आलीच नव्हती. स्कॅन केलं होतं ते फक्त नाव पाहायला.

दुकानदार काहीच बोलला नाही. त्याने तोच चहा आमच्या ग्लासात ओतला.

त्या पडद्यावर कुठलं नाव आलं, मला माहीत नाही. मी रोख पैसे दिले. ते चौघे कोण होते, तेही माहीत नाही. हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात दोन्हीकडची नावं ठरवून टाकली असतील. मीही ठरवली होती. आपण इतक्या पटकन ठरवतो, त्याबद्दलच लिहायचं आहे.

गाडी पुढे निघाली आणि मला याच रस्त्यावरची जुनी टपरी आठवली. अब्बू राईस मिलच्या मशिनरीच्या दुरुस्तीसाठी गावोगाव फिरत. शाळेला सुटी असली की मीही एसटीत त्यांच्या शेजारी. वाटेत बस जिथे थांबायची तिथे जुन्या ट्रकची सीट बाकासारखी टाकलेली होती. खांबाला सुतळीची जळती दोरी टांगलेली असे, बिडी पेटवायला. आमचा तर बिडीचाच मुलूख. रेडिओ रिकाम्या माठात ठेवलेला असे, त्याने आवाज घुमतो म्हणून. आलूबोंडा कागदावर मिळायचा, आणि ज्या कागदावर मिळायचा तो वाचत वाचत खायचा. कधी शाळेचा पेपर, कधी वर्षभरापूर्वीची निवडणूक. काचेच्या बरण्यांत पिवळ्या नळ्या असत. त्या दहाही बोटांत घालून मग एकेक खायच्या.

टपरीवाल्याला सगळे "मामा" म्हणायचे. ड्रायव्हर, कंडक्टर, तेंदूपत्त्याचे मजूर, अब्बू, मी, सगळेच. त्याचं खरं नाव काय होतं? इतक्या वर्षांनी मी डोक्याला ताण देऊन पाहिला. मला ते कधीच माहीत नव्हतं. तो हिंदू होता की मुसलमान, हेही सांगता येत नाही. आज ती टपरी नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. मला तिची आठवण येते ती आलूबोंड्यासाठी नाही. खरं सांगायचं तर आलूबोंडा तेलकट असायचा. नाव न विचारता खाता येत होतं, त्याची आठवण येते.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण आठवणी नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देतात, म्हणून उलटतपासणी करायला हवी.

माझी नानी बालाघाटच्या पुढे राहायची. तिच्याकडे जायचं म्हणजे गोंदियाहून छोटी गाडी. बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी ही नॅरोगेज लाईन टप्प्याटप्प्याने मोठी होत गेली आणि 2015 मध्ये तिचा उरलेला भागही बंद झाला. त्या गाडीत खायला काय मिळायचं, हे आमच्या पिढीला विचारा. ढिवर बायका टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन चढायच्या. फुटाणे, मुरमुरे, चारोळीचे ताजे चार, टेंभरं. आणि कोणाच्या ना कोणाच्या पिशवीत पारले-जी. तेव्हाचा तो पिवळसर मेणकागदाचा पुडा, उघडताना खास आवाज करणारा.

एकदा नानीसमोरच्या बाकावर एक म्हाताऱ्या मारवाडी बाई बसल्या होत्या. दोघींचं जमलं. सुना, गुडघे, तांदळाचा भाव, सगळं बोलून झालं. जेवायची वेळ झाली तेव्हा नानीने डबा उघडला आणि रीत म्हणून पुढे केला. बाईंनी हात जोडले, "आमचं व्रत आहे." थोड्या वेळाने त्यांनी आपला डबा उघडला, पुढे केला. नानी म्हणाली, "पोट भरलंय, बहन." दोघीही खोटं बोलत होत्या, आणि दोघींनाही ते कळत होतं. मग नानीने पिशवीतून पारले-जीचा न फोडलेला पुडा काढला. बाईंनी स्वतः तो फोडला. दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, मला चार मिळाली.

मी हा प्रसंग कित्येक वर्षं सलोख्याचा किस्सा म्हणून सांगत आलो. आता वाटतं, नीट पाहिलंच नव्हतं. बिस्किटाचा पुडा दोघींमध्ये आला, कारण डबा येऊ शकत नव्हता. नानीचा नियम साधा होता: परक्याच्या हातचं खायचं तर ते सीलबंद असावं, नाहीतर सोलून खायचं असावं. केळी, शिंगाडे, पुडा. समोरच्या बाईंचाही नियम तोच होता. यंत्रातून निघालेल्या बिस्किटाला हात नव्हता, म्हणून त्याला जातही नव्हती.

या नियमाची मुळं जुनी आहेत. इंग्रजांच्या काळात स्टेशनांवर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" असे वेगळे घडे असत. गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी, बाहेरच्या बाजूला ठेवलेली, त्यांनीच धुवायची. माझ्या आठवणीतल्या मामाच्या टपरीवर सगळे ग्लास एकाच बादलीत विसळले जायचे, हे खरं. पण त्याच्या आधीच्या पिढीत त्याच रस्त्यावर काय असेल, हे मी अब्बूंना कधी विचारलं नाही. "पूर्वी सगळे मिळून खायचे" हे वाक्य ज्यांना बाहेरच्या कपात चहा मिळाला, त्यांच्यासमोर म्हणून पाहावं.

म्हणून पुड्यातल्या खाऊचं श्रेय मी कमी करणार नाही. मुंबईत विलेपार्ल्याला 1929 मध्ये कारखाना सुरू झाला, 1939 मध्ये बिस्किटं आली, आणि ती पुढे देवरीच्या टपरीपर्यंत पोहोचली. मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या पोहोचल्या. पॉपिन्स, किस्मी, गोल्ड स्पॉट पोहोचलं. आज विलेपार्ल्याचा तो कारखाना 2016 पासून बंद आहे, गोल्ड स्पॉट 1993 मध्ये कोका-कोलाकडे गेलं आणि मग दिसेनासं झालं, रावळगावचे गोळ्यांचे ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सने घेतले. आपण यांची नावं घेतो तेव्हा जिभेवर चव येते. पण या वस्तूंनी एक मोठं काम केलं होतं. ज्यांना एकमेकांच्या घरचं चालत नव्हतं, त्यांना एकाच बाकावर एकच गोष्ट खायला लावली. ती मैत्री नव्हती, तह होता. पण तहही काही वाईट नसतो.

तो तहही तसा नाजूकच. 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही डबे फेकले गेले. हिंदू शेजाऱ्यांना गाईची भीती, आमच्याकडे डुकराची. भीती वेगळी, डबा तोच. मग 2001 मध्ये पाकिटावर हिरवा आणि तपकिरी ठिपका छापण्याचा नियम आला. अम्मीला वाचता फारसं येत नव्हतं, पण ती हिरवा ठिपका बघून खाऊ घ्यायची. हिरवा म्हणजे जिलेटीन नाही, चरबी नाही. शाकाहाऱ्यांसाठी काढलेल्या खुणेवर एक मांसाहारी मुसलमान बाई बिनघोर विसंबली. मला तर हा ठिपका फार आवडतो. तो पदार्थाबद्दल बोलतो, माणसाबद्दल गप्प बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. "यात काय आहे?" हा प्रश्न प्रत्येकाचा हक्क आहे. जैनाचा, मुसलमानाचा, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याचा. "हे बनवणारा कोण आहे?" हा प्रश्न दिसायला तसाच, पण जातकुळी वेगळी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की माणूस निश्चिंत होऊन खातो. दुसऱ्याच्या उत्तराने गाडी पुढे निघून जाते.

जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: कुठलं अन्न मिळतं ते दुकानाने सांगावं, पण मालकाचं आणि कामगारांचं नाव लावायची सक्ती नको. म्हणजे हाच फरक. त्याच राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये हलाल प्रमाणपत्राच्या खाद्यपदार्थांच्या विक्रीवर बंदी आली होती. म्हणजे ज्याला पदार्थाबद्दल जाणून घ्यायचं त्याच्यापुढचा शिक्का काढायचा, आणि माणसाच्या कपाळावर मात्र लावायचा.

पण न्यायालय मोबाईलला स्थगिती देऊ शकत नाही. क्यूआर कोडने पाटीचं काम फुकटात करून टाकलं आहे.

आता थोडं आपल्या घरात. रमजानच्या आधी आपल्याही व्हॉट्सॲप गटांत याद्या फिरतात. अमुक बिस्किटात डुकराची चरबी, तमुक आकडा दिसला की समजा हराम. त्यातल्या बहुतेक याद्या कोणी तपासलेल्या नसतात, पुढे मात्र सगळेच ढकलतात. आणि "आपल्याच माणसाकडून घ्या" हा निरोपही आपल्याकडे फिरतो. तो वाचताना आपल्याला त्यात एकजूट दिसते. तोच निरोप समोरच्या गटात फिरला की त्याला आपण बहिष्कार म्हणतो. दोन्ही निरोपांनी गाडी पुढेच जाते. कुरआनात सूरह बकराच्या 168 व्या आयतीत हलालच्या जोडीला तय्यब हा शब्द आहे: स्वच्छ, चांगलं, निर्मळ. दोन्ही गोष्टी अन्नाबद्दलच्या आहेत. दुकानदाराच्या आडनावाबद्दलची तिसरी अट तिथे नाही. ती आपण जोडली.

मामाच्या टपरीचे दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. त्या दिवसांचा हिशेब वर दिलाच आहे. उलट मला नानीच्या आणि त्या मारवाडी बाईंच्या पुढे जायचं आहे. पुडा ठीक आहे, पण कधीतरी डबाही उघडायला हवा. आणि निदान जिथे उघडं अन्न अनोळखी हातातून अनोळखी हातात जातं, अशा वाटेवरच्या जागा तरी राखायला हव्यात. मॉलच्या फूड कोर्टात, महामार्गाच्या चकचकीत प्लाझात पाकीट सगळीकडे सारखंच मिळतं. तिथे कोणावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही. तो विश्वास टपरीवर लागतो.

त्या दिवशी चहा घेऊन झाल्यावर मुलाने विचारलं, "अब्बू, परत येताना इथंच थांबायचं का?" थांबलो. रात्र झाली होती, टपरी बंद करायची वेळ. दुकानदाराने ओळखलं असेल किंवा नसेल. पातेलं पुन्हा चढवत त्याने एकच विचारलं, "साखर कमी टाकू का जी?"